हिंजवडी: खाचरं गेली, आयटी पार्क आलं, पण पाण्याची वाट कुठं गेली?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात हिंजवडी आयटी पार्काच्या फेज दोनकडून घरी येत होतो, गाडीवर मागं वडील, वय ७६. रस्त्याला गुडघ्याच्या वर पाणी, सायलेन्सरात पाणी गेलं आणि गाडी बंद. मी ढकलत कडेला घेतली, मागं वळून बघतो तर म्हातारा तिथंच पाण्यात उभा. हात लांब करून म्हणाले, "हे आपलं चौथं खाचर." खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. मग दुभाजकाकडं बोट, "तिथं बांध होता, त्या कोपऱ्यात तोंड ठेवलेलं, तिथनं पाणी खालच्याच्या खाचरात आणि मग ओढ्याला." आजूबाजूला गाड्यांचे हॉर्न, कंपन्यांच्या बसा अडकलेल्या, पोरंपोरी बूट हातात घेऊन चाललेली, आणि हे मला बांध दाखवतायत. मी म्हणलं चला आता घरी, तर म्हणाले, "पाणी नाही चुकलं रे. ते त्याच्याच वाटंनं आलंय."

तेव्हापासून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. आमच्याकडं मुख्य पीक भात. आंबेमोहोर, पुढं इंद्रायणी, आणि वरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत थोडी नाचणी. चैत-वैशाखात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचे, मृगात दाढ टाकायची म्हणजे रोपांसाठी बी पेरायचं, आषाढात चिखलणी आणि आवणी, म्हणजे रोपांची लावणी. खाचरं पायऱ्यांसारखी, वरच्याचं पाणी खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला, आणि शेवटी सगळं ओढ्याला. बांधाला खेकडं भोकं पाडायची, ती बुजवायचं काम आम्हा पोरांकडं. इरलं, म्हणजे पानांचं पावसाचं छप्पर, डोक्यावर घेऊन, चिखलाचा गोळा भोकात दाबायचा आणि टाचेनं हाणायचा. रात्रीत कुणी न सांगता बांधाचं तोंड फोडलं आणि खालच्याची नवी आवणी वाहून गेली तर दुसऱ्या दिवशी पारावर गाव गोळा व्हायचं, इतका पाण्याचा हिशेब कडक.

शरद पवारांनी जाहीर भाषणांतून बऱ्याचदा सांगितलेला किस्सा आहे, की हिंजवडीला साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला ते आले होते आणि तिथंच कारखाना काढणाऱ्या नानासाहेब नवल्यांना म्हणाले कारखाना दुसरीकडं न्या, इथं आपण आयटी पार्क करू. कारखाना मग कासारसाई-दारुंब्र्याला झाला, संत तुकाराम सहकारी. आणि आमच्याकडं नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं. इन्फोसिस, विप्रो ह्या सुरुवातीच्या मोठ्या. आज तीन फेज मिळून साधारण २८०० एकर धरतात.

आमची चार एकरातली अडीच गेली. मोबदला मिळाला, त्यात घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, मी आयटीआय केली आणि आज त्याच पार्कात एका कंपनीच्या एसी प्लँटवर आहे, सोळा वर्षं झाली. म्हणजे माझं पोट आयटी पार्कावरच भरतंय, हे आधीच सांगतो, पार्क नको होतं असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की जमीन घेताना सातबारा बघितला, मोजणी झाली, झाडं मोजली, विहीर मोजली, पण पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं हे गावातल्या एकाही म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर आज तीन-तीन तास गाडीत बसायची वेळ आली नसती.

तुमच्या आठवणी असतील तर लिहा. इथं कामाला आलेल्यांनी पण लिहा.

वाकडकरीण

दादा, फार मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली. शेवटच्या परिच्छेदाला हजार टक्के अनुमोदन.

लातूरहून_२००१

मी २००१ ला आलो, कॉलेजातून थेट. तेव्हाचं हिंजवडी आठवतं म्हणून लिहितो.

पुण्यातून कंपनीची बस, वाकडचा पूल ओलांडला की उजव्या-डाव्या हाताला फक्त शेतं. पावसाळ्यात तर खिडकीतून दिसेल तिकडे पाणी आणि त्यात वाकलेल्या बायका, आणि मधूनच एक काचेची बिल्डिंग, आम्ही आत जायचो, एसीत बसून अमेरिकेतल्या कुठल्यातरी विमा कंपनीचा कोड लिहायचो आणि संध्याकाळी बाहेर आलं की बेडकांचा आवाज. बाहेर खायला एकच टपरी, वडापाव आणि चहा, सात वाजता बंद. शेवटची बस चुकली की हायवेपर्यंत चालत, वाटेत दिवा नाही.

मी सहा महिने गावातच एका घरात खोली घेऊन राहिलो, गोठ्याला लागून. त्या घरच्या काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "जेवलास का रं?" आणि नाही म्हटलं की नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण. मी मराठवाड्याचा, ज्वारीवर वाढलेला, नाचणी आणि खेकडा दोन्ही पहिल्यांदा तिथे खाल्लं. एकदा त्या म्हणाल्या, तुमच्या हापिसाखाली आमचं आंबेमोहोराचं खाचर होतं, लोंब्या आल्या की घरापर्यंत वास यायचा. मी तेव्हा बावीस वर्षांचा, काय बोलावं कळलं नाही, मान खाली घालून जेवत राहिलो.

आता माझं स्वतःचं घर आहे फेज तीनच्या बाजूला. त्या घराखाली कुणाचं खाचर होतं मला माहीत नाही, आणि धागा वाचल्यावर ते खटकतंय.

माणचा_पोरगा

बांधावरचा काका, मी पण माणचाच, वय २६, डेव्हलपर आहे, पार्कातच. तुमचा मान ठेवून वेगळं मत मांडतो.

आठवणी छान आहेत पण भातानं कुणाचं भलं झालं होतं? माझे आजोबा चार महिने शेतात आणि आठ महिने मिळेल ते काम करायचे. आजी पहाटे चारला डोक्यावर दुधाच्या किटल्या घेऊन निघायची. वडलांची दहावी झाली आणि पुढे शिकायला पैसे नव्हते. जमीन गेली म्हणून माझं इंजिनिअरिंग झालं, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. आजीचे गुडघे गेलेत ते आवणीनं गेलेत, आयटीनं नाही. आमच्या वयाच्या पोरांना "भूमिपुत्र, भूमिपुत्र" म्हणून फक्त सिक्युरिटी आणि गाड्यांचे ठेके दाखवले गेले, कोडिंग तुम्ही पण करू शकता असं सांगायला कुणी नव्हतं, मला ते कॉलेजातल्या एका मॅडमनी सांगितलं.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी मोबदला आला आणि पाच-सात वर्षांत संपला. गाड्या, लग्नं, बारशी, गुंतवणूक म्हणून कुणाला तरी दिले आणि बुडाले. ज्यांनी खोल्या बांधल्या ते टिकले. पैसा आल्यावर काय करायचं हे शिकवायला कुणी बसलं नाही, आणि जमीन परत येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर ते पटतं. मी पण त्या दिवशी बूट हातात घेतलेल्यांतच होतो.

हडपसरची_सून

पोरा, तू जे शेवटी लिहिलंयस ना, पैसा आला आणि संपला, त्याच भीतीनं आमच्याकडे वेगळं झालं.

हडपसरचा मगरपट्टा. सगळ्यांना माहिती आहे पण थोडं लिहितेच. तिथे ऊस आणि भाजीपाला, पाण्याखालची जमीन, पुण्याला खेटून. शहर अंगावर येणार हे १९८२ च्या विकास आराखड्यातच दिसत होतं. आज ना उद्या तुकड्या-तुकड्यानं विकली जाणार किंवा संपादनात जाणार, त्यापेक्षा आपणच एकत्र का येऊ नये, हे सतीश मगरांनी घरोघरी जाऊन समजावलं. १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबं, ४०० एकरच्या वर जमीन, कुणी विकायची नाही, सगळ्यांची मिळून कंपनी आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. २००० च्या सुमाराला काम सुरू झालं, सायबरसिटी झाली, घरं झाली, मोठी बाग झाली. आयटीच्या बिल्डिंगी विकल्या नाहीत, भाड्यानं दिल्या, म्हणजे शेतातनं जसं दर वर्षी पीक यायचं तसं दर वर्षी भाडं.

आणि गावातल्या पोरांना त्याच कामातले ठेके दिले, कुणाला विटा-वाळू, कुणाला झाडं लावणं, कुणाला फरशी, पण नुसते दिले नाहीत तर आधी शिकवलं. माझ्या नात्यातल्या एका दिरांनी बैलगाडी सोडून ब्लॉक बनवायचं युनिट टाकलं, आज त्यांच्याकडे माणसं कामाला आहेत. त्याच पद्धतीनं पुढे सिंहगड रोडला नांदेड सिटी झाली, ७०० एकर.

बांधावरचा

ताई, मगरपट्ट्याचं उदाहरण आमच्याकडं पण प्रत्येक बैठकीत निघतं. पण दोन फरक आहेत. एक तर तुमच्याकडं बहुतेक एकाच भावकीची सलग जमीन, आमच्याकडं तीन-चार गावं, पन्नास आडनावं आणि सातबाऱ्यावर एकेका गटात वीस-वीस नावं, त्यातली अर्धी बहिणींची, त्या सासरी. दुसरं, आमची जमीन आम्ही द्यायची का नाही हा प्रश्नच नव्हता, ते संपादन होतं. नोटीस आली की मोजणी आणि मोजणी झाली की निवाडा. एकत्र यायला वेळच मिळाला नाही. पण ठेक्याआधी शिकवलं, हे जे तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडं व्हायला पाहिजे होतं, शंभर टक्के.

माणचा_पोरगा, तुझं म्हणणं मला लागलं पण पटलं. माझ्या आईचे पण गुडघे गेलेत.

पौडरोड

मुळशी तालुक्यावर ही दुसरी पाळी आहे हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

१९२१ ला टाटांच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली भाताची जमीन बुडणार होती, मुंबईला वीज पाहिजे होती. रामनवमीला मावळे, म्हणजे तिथले शेतकरी, सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट नेतृत्वाला होते, बायका-पोरं धरणाच्या भिंतीवर जाऊन बसली, तीन वर्षं लढले आणि हरले. धरण झालं, खोरं बुडालं. माझ्या पणजोबांचं गाव त्यात गेलं. ते लोक उठून जिकडे जागा मिळेल तिकडे गेले, काही खाली ह्या हिंजवडी-माणच्या बाजूला आले. म्हणजे धरणानं उठवलेल्या काही घरांना ऐंशी वर्षांनी परत नोटीस आली. आमच्यातले एक आजोबा नोटीस वाचून एवढंच म्हणाले होते, "आता कुठं जायचं ते तरी सांगा."

तेव्हा वीज मुंबईला गेली. आता नोकऱ्या निदान इथेच आहेत, आणि त्यात आपलीही पोरं आहेत. एवढा फरक मी मानतो.

निवृत्त_पाटबंधारे

धागा वाचून राहवलं नाही. ३४ वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, त्यामुळे वडलांनी दाखवलेल्या चौथ्या खाचराबद्दल जरा हिशेबानं लिहितो.

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे मोठ्या पावसाच्या दिवशी सहज पडतो, तर पाणी झालं चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे ४० टँकर, एका एकरावर, एका दिवसात. आता भातखाचराचा बांध नऊ इंची धरला आणि त्यात सहा इंच पाणी अडवलं तर एकरी सहा लाख लिटर मावतं. म्हणजे पूर्ण दिवसाचा पाऊस खाचर पोटात घेऊन वर जागा शिल्लक ठेवतं आणि मग सावकाश खाली सोडतं. शंभर एकर खाचरं म्हणजे सहा कोटी लिटरचा तलाव. कुणी त्याला तलाव म्हणत नव्हतं कारण त्यात भात उभा असायचा.

आता त्याच जागी स्लॅब, पेव्हर, डांबर. पाणी मुरायला जागा नाही, दहातले नऊ भाग तासाभरात रस्त्यावर. आणि जाणार कुठे, तर ओढ्यात. ओढा समजा चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल, म्हणजे सहा चौरस मीटरची वाट. त्याच्यावर भराव टाकून ९०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकले की वाट झाली सव्वा चौरस मीटर. सहाची सव्वा. उरलेलं पाणी रस्त्यावरच येणार, दुसरीकडे जाईल कुठे? त्यात प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा अडकला की सव्वाची पण अर्धी.

आणि बांधावरचे भाऊ, एक भर. म्हाताऱ्यांना विचारायला हवंच होतं, पण ओढे कागदावरही आहेत. गाव नकाशा काढा, भूमी अभिलेखला मिळतो, जुन्या मोजणीचा, त्यात ओढा दुहेरी रेषेनं काढलेला असतो. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन बघा, वर्ग ब, रस्ता, वाट, ओढा ह्याखालची जागा त्यात धरतात. ज्या गटाला पोटखराबा ब जास्त आहे तिथून पाण्याची वाट जाते. पाण्याला नकाशा लागत नाही, आपल्याला लागतो, आणि तो आहे.

सोसायटीवाला_फेज३

साहेब हे ४० टँकरचं गणित वाचून मी दोनदा कॅलक्युलेटरवर करून बघितलं. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये दिवसाला वीस-बावीस टँकर येतात, महिन्याचं मेंटेनन्स त्यातच जातं, आणि जुलैत गेटसमोर कमरेएवढं पाणी. दोन्ही बिलं आम्हीच भरतोय, एकदा पाणी नाही म्हणून आणि एकदा पाणी आलं म्हणून बेसमेंटचे पंप. फ्लॅट घेताना ब्रोशरवर निळं निळं तळं होतं, नाव नाही घेत, मागे ओढा आहे म्हणून "वॉटरफ्रंट" म्हणून जास्त पैसे लावले होते. ताबा मिळाला तेव्हा ओढ्याच्या जागी भिंत होती.

तक्रार कुठे करायची हेच चार वर्षं कळलं नाही. पार्काच्या आत एमआयडीसी, गावात ग्रामपंचायत, बांधकामाच्या परवानग्या पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर विकास प्राधिकरण, पोलीस पिंपरी चिंचवड आयुक्तालयाचे, बस पीएमपीएमएलची. ओढा मात्र ह्या सगळ्यांतून वाहतो.

वाकडकरीण

हेच मला सांगायचं होतं. वाकड १९९७ ला पिंपरी चिंचवड महापालिकेत आलं, हिंजवडी राहिली बाहेर. म्हणजे हायवेच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत, आणि ह्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत देशातल्या मोठ्या आयटी कंपन्या. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, सांगवडे, गहुंजे अशी सात गावं पालिकेत घ्या ही मागणी कित्येक वर्षं चालू आहे. माझ्या माहेरचे म्हणतात नको, टॅक्स वाढेल, आमच्या सोसायटीतले म्हणतात आत्ताच्या आत्ता घ्या. मला वाटतं गाव म्हणा, शहर म्हणा, पण ज्याच्याकडे जाऊन टेबलासमोर उभं राहता येईल असं एक दार पाहिजे.

सनीव्हेलकर

मी पुण्याची, हिंजवडीत सात वर्षं काढून इकडे कॅलिफोर्नियात आले, सनीव्हेलमध्ये असते. इथल्या गणपतीत भेटणारे कितीतरी जण फेज एक, फेज दोनच्या गप्पा मारतात, म्हणून हा धागा आमच्या ग्रुपवरही फिरतोय.

आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो ती सगळी फळबागांची जमीन होती. जर्दाळू, चेरी, प्लम. सनीव्हेल १९१२ ला गाव म्हणून नोंदलं गेलं तेव्हा इथे फळं डबाबंद करायचे कारखाने होते. एका जुन्या कारखान्याची पाण्याची टाकी अजून उभी आहे, फळांच्या डब्यासारखी रंगवलेली, आजूबाजूला ऑफिसं. १९५६ ला लॉकहीड आली, मग कॉम्प्युटरच्या चिप्सवाले आले, १९७१ पासून सिलिकॉन व्हॅली हे नाव छापून यायला लागलं.

पाण्याचं म्हणाल तर इथे उलटी गोष्ट. बागांना आणि वाढत्या शहराला पाणी लागतं म्हणून जमिनीतून इतकं उपसलं की सॅन होजेचा मधला भाग साधारण १३ फूट खचला. तेरा फूट. बाहेरून पाणी आणलं, जमिनीत मुरवायचे तलाव केले, मग १९७० च्या आसपास खचणं थांबलं. आणि चिप्सच्या कारखान्यांनी टाक्यांमधून केमिकल जमिनीत जाऊ दिलं ते अजून साफ करतायत, अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीत नसतील इतक्या अशा साइट ह्या एका काउंटीत आहेत. बाहेरून सगळं हिरवंगार दिसतं.

पण एक गोष्ट त्यांनी केली ती मला फार आवडते. गावाच्या मधोमध, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे सुमारे १० एकरांची जर्दाळूची बाग नगरपालिकेनं राखून ठेवली आहे. उन्हाळ्यात तिथले जर्दाळू विकायला असतात. मी मुलाला घेऊन जाते आणि सांगते की तुझ्या शाळेखाली पण हेच होतं. हिंजवडीत एक तरी खाचर असं राखलं पाहिजे होतं. एक तरी. आंबेमोहोराचं.

लातूरहून_२००१

एक खाचर राखायचं हे वाचून थांबलो. ताई, अगदी बरोबर.

अजून एक. ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड कुणी लिहिलं नाही. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीतून वाकडला बगाड जातं. पहिल्या वर्षी मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं होतं, दुसऱ्या वर्षी त्या काकू म्हणाल्या वरनं काय बघतोस, खाली ये. गेलो. गुलाल, ढोल, "म्हातोबाच्या नावानं चांगभलं", आणि ते एवढं मोठं लाकडाचं बगाड वर गळकऱ्याला, म्हणजे पाठीत गळ टोचलेल्या मानकऱ्याला, घेऊन चाललेलं. त्या एका संध्याकाळी ट्रॅफिक थांबतं आणि कुणी हॉर्न वाजवत नाही.

बांधावरचा

बगाडाची आठवण काढलीत, डोळ्यात पाणी आलं. सांगतो, बगाडाच्या वाटेवर आता वर मेट्रोचे खांब, हायवेचा पूल, दोन्हीकडं शोरूम, पण वाट तीच आहे. दर वर्षी आधी गावातली जाणती माणसं वाट चालून बघतात, कुठं वायर खाली आलीय, कुठं खड्डा आहे, कुठं नवीन कमान लागलीय, आणि ती दुरुस्त करून घेतात. देवाची वाट अडलेली गाव चालू देत नाही, मग पाण्याची का चालू दिली, हा प्रश्न मी काल वडलांना विचारला. ते म्हणाले, देवाच्या वाटेला मानकरी आहेत, पाण्याच्या वाटेला मानकरी होते ते आम्ही, आमचं शेत गेलं तसा मान पण गेला.

निवृत्त साहेबांचं वाचून मी तहसीलच्या गावाला जाऊन आलो, गाव नकाशाची नक्कल घेतली. साहेब, तुम्ही म्हणालात तसंच आहे, दुहेरी रेष, आमच्या चौथ्या खाचराच्या खालच्या कडेनं जाते आणि पुढं दोन गटांतून वळून नदीकडं. वडलांनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले, म्हणाले इथं एक छोटी ओघळ यायची डोंगराकडनं, ती ह्यात नाही. मी पेन्सिलीनं काढून घेतली. आणखी तिघा म्हाताऱ्यांकडं नकाशा घेऊन गेलो, एकाला दिसत नाही तर त्यांच्या नातीनं नावं वाचली आणि ते सांगत गेले, इथं उंबर, इथं डोह, इथं गाळ काढायचो. अशा सहा जागा निघाल्या ज्या नकाशात नाहीत.

निवृत्त_पाटबंधारे

शाब्बास. हे काम आमच्या खात्यात करायला सहा महिने लागले असते. त्या सहा जागा फार महत्त्वाच्या आहेत, जुन्या मोजणीत लहान ओघळी घेत नसत. माझ्याकडे जमिनीची उंची मोजायची लेव्हल आणि स्टाफ आहे, जुना पण बरोबर आहे. चालत जाऊन रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीचं माप घेऊ, नकाशावर टाकू. मग ग्रामपंचायत असो, पालिका असो, कुणाच्याही टेबलावर ठेवता येईल. मापं असली की समोरच्याला "बघू" म्हणता येत नाही.

माणचा_पोरगा

काका, मी येतो. मापं, फोटो आणि लोकेशन मी मॅपवर चढवतो, ऑफिसात रोज तेच काम करतो, कुणालाही उघडून बघता येईल असं करतो. माझ्याबरोबर अजून दोघं-तिघं आहेत गावातले. आजीला पण विचारलं, ती म्हणाली दुधाला जाताना ती रोज दोन ओढे ओलांडायची, एकावर फरशी होती आणि एकावर लाकूड. मला आजपर्यंत एकच माहीत होता.

सोसायटीवाला_फेज३

आमच्या सोसायटीतून पाच जण नक्की. मागच्या भिंतीपाशी आत यायची परवानगी कमिटीकडून काढून ठेवतो, कारण नकाशाप्रमाणे दुहेरी रेष तिथूनच जाते, मी बघितलं. ड्रोन आहे एकाकडे, त्याला रीतसर परवानगी घ्यायला सांगतो.

हडपसरची_सून

मला पण यायचंय. दीर येतील, त्यांना पाइप आणि ब्लॉकच्या मापातलं कळतं.

बांधावरचा

मग ठरलं. येत्या रविवारी सकाळी ७ ला, म्हातोबाच्या देवळापाशी. ऊन चढायच्या आत वरचा भाग करू, उरलेला पुढच्या रविवारी. पायात गमबूट पाहिजेत, काही ठिकाणी चिखल आहे आणि काचा पण आहेत. काठ्या आणा, गवतात साप असतात. पाणी आपापलं. नाष्टा माझ्याकडं, भाकरी आणि झुणका, आई करतीय, किती जण ते शनिवारपर्यंत सांगा.

वडील येणार आहेत. चालवत नाही एवढं, म्हणून खुर्ची टेम्पोत टाकतोय, जिथं गाडी जाईल तिथपर्यंत नेऊ. त्यांनी इरलं काढून ठेवलंय माळ्यावरचं, म्हणलं पाऊस नाही आत्ता, तर म्हणाले असू दे.

लातूरहून_२००१

मी येतोय. जमलं तर त्या काकूंचा पत्ता पण विचारायचाय कुणालातरी, देवळाच्या मागच्या आळीत घर होतं, गोठ्याला निळा दरवाजा.

बांधावरचा

निळ्या दरवाजाचा गोठा माहिती आहे. गोठा पडला, काकू आहेत. रविवारी नेतो.